ऊन झेलणारा थर

हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे. त्यासाठी हातात एक वस्तू हवी: वर्षानुवर्षं उन्हात राहून पिवळा पडलेला, कुठेतरी तडकलेला प्लॅस्टिकचा एखादा भाग. सोलापुरात तो शोधायला लांब जावं लागत नाही. गॅलरीतल्या कूलरची जाळी घ्या, जुन्या स्कूटरचं साइड पॅनल घ्या, नाहीतर अंगणात पडून राहिलेल्या खुर्चीचा तुटका हात. मांडीवर जुनं फडकं पसरा, तुकडा त्यावर ठेवा आणि सावलीला बसा. घाई असेल तर आज राहू द्या.

मी जे समोर ठेवून बोलणार आहे ते आपल्याकडे क्वचित दिसतं: गाडीमागे जोडून ओढत न्यायचं जुनं फिरतं घर. महाराष्ट्र सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं ते २०२१ साली, त्यामुळे आपल्या रस्त्यांना या घरांची अजून सवय व्हायची आहे. अमेरिकेत ती १९३०च्या दशकापासून मोठ्या प्रमाणावर फिरताहेत. एअरस्ट्रीम कंपनीचे ॲल्युमिनियमचे चकचकीत ट्रेलर तेव्हापासूनचे. त्यांचा पत्रा इतक्या वर्षांनीही घासला की उजळतो. पुढे १९६० आणि ७०च्या दशकांत असल्या घरांमध्ये प्लॅस्टिक मोठ्या प्रमाणावर शिरलं: छतावरच्या झरोक्याचं झाकण, फ्रिजमागची जाळी, चाकावरची कमान, मागच्या दिव्याचं लाल कव्हर, न्हाणीघराच्या साच्यातून काढलेल्या भिंती. पत्रा टिकला, सांगाडा टिकला, आधी दमलं ते प्लॅस्टिक. कंपनीनं ते भाग बनवणं केव्हाच सोडून दिलेलं असतं. म्हणून असं घर ज्याच्या वाट्याला येतं, त्याला एके दिवशी जमिनीवर बसून प्लॅस्टिक दुरुस्त करायला शिकावंच लागतं.

आपल्याला हे जरा चमत्कारिक वाटतं. तांब्याच्या भांड्याला कल्हई करायची, सागवानी कपाटाला पॉलिश करायचं हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. प्लॅस्टिक तडकलं की ते भंगारवाल्याच्या हातगाडीवर जातं. ‘प्लॅस्टिकच तर आहे’ हे वाक्य आपण विचार न करता बोलतो. आजचा थोडा वेळ ते वाक्य बाजूला ठेवू.

पिवळेपणा

तुकड्याकडे नुसतं बघा. अजून पुसू नका.

तो एकसारखा पिवळा नसेल. स्क्रूच्या डोक्याखाली, निघून गेलेल्या स्टिकरच्या जागी, दुसऱ्या भागानं झाकलेल्या कडेला मूळ रंग शिल्लक असतो. ती जागा शोधा. कारखान्यातून आला त्या दिवशी अख्खा तुकडा असा होता. या दोन रंगांच्या मधली रेघ बोटानं चाचपून बघा. बोटाला काहीच कळत नाही. पण एका बाजूला ऊन पडत होतं आणि दुसऱ्या बाजूला पडत नव्हतं, एवढा हिशेब त्या रेघेनं नेमका लिहून ठेवलेला आहे.

सोलापूरचं ऊन काय असतं हे सोलापूरकराला सांगायला नको. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस दुपारी सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडातच जिरते. जुलै संपून ऑगस्ट लागताना पुन्हा एकदा तसंच होतं, तेव्हा बहुधा ढग असतात म्हणून ते लक्षात येत नाही. माणसं त्या मेच्या दुपारी दारं लोटून पंख्याखाली पडतात. छतावरच्या झाकणाला आत जाता येत नाही.

जुन्या ट्रेलरचे बरेच भाग एबीएस नावाच्या प्लॅस्टिकचे असतात. त्यात एक घटक रबरासारखा लवचीक असतो. मार बसला तर तो झटका पोटात घेतो. पण सूर्याची अतिनील किरणं आणि हवेतला प्राणवायू मिळून सगळ्यात आधी त्याच घटकाची साखळी तोडतात. जे लवचीक तेच आधी कडक होतं. रंग पिवळा होतो, अंग ठिसूळ होतं, आणि एखाद्या सकाळी नुसता स्क्रू पिळताना कड्‌ असा आवाज येतो.

मात्र हे सगळं घडतं ते पृष्ठभागावर. किरणं आणि प्राणवायू यांची मजल फार खोल जात नाही. पिवळा पडून ठिसूळ झालेला भाग मिलिमीटरच्या छोट्याशा अंशाइतकाच जाड असतो. त्याखालचं प्लॅस्टिक बरंचसं जसंच्या तसं राहतं. वरच्या थरानं ऊन खाल्लं म्हणून खालच्यापर्यंत ते पोचलं नाही. हा पिवळेपणा आपण आजवर फक्त घाण म्हणून पाहिला. थोडा वेळ त्याच्याकडे केलेल्या कामाची खूण म्हणून बघा.

उलटी बाजू

आता तुकडा उलटा करा. या बाजूला कुणी कधी कौतुकानं पाहिलेलं नसतं. साच्याच्या खुणा, आधाराच्या पट्ट्या, कोळ्याचं जाळं, वाळलेला चिखल. नीट पाहिलं तर कधीकधी दोन कोनाकृती कंसांच्या मध्ये काही अक्षरं उमटवलेली दिसतात: एबीएस, पीपी, किंवा असंच काही. ती या वस्तूची जात. ती कळल्याशिवाय दुरुस्तीला हात घालण्यात अर्थ नाही, कारण एकाला जे औषध लागू पडतं ते दुसऱ्याच्या अंगाला लागतही नाही.

जुन्या भागांवर ही अक्षरं नसतात. मग विचारून घ्यावं लागतं. आतल्या कडेचा नखाएवढा तुकडा कापा. वाटीभर पाण्यात साबणाचा थेंब टाका, म्हणजे हवेच्या बुडबुड्यांवर तरंगून तो तुकडा फसवणार नाही. मग त्याला बुडवून सोडा. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे पीपी, पाण्याहून हलकं असतं. ते वर येतं. एबीएस पाण्यापेक्षा किंचित जड, ते संथपणे तळाला जातं. पण एवढ्यावर निकाल देऊ नका. पीपीमध्ये पुष्कळदा खनिजाची पूड मिसळलेली असते, मग तेही बुडतं. म्हणून दुसरी साक्ष काढा: आतल्या बाजूला ॲसिटोनचा एक थेंब. एबीएस लगेच चिकट होतं, बोटाला ठसा घेतं. पीपीला ढिम्म काही होत नाही. फायबर, म्हणजे काचेच्या धाग्यांत रेझिन ओतून केलेला भाग, तर तुटलेल्या कडेलाच ओळख सांगतो. तिथे धागे बाहेर आलेले असतात.

जाळून वासावरून ओळखायची पद्धत गॅरेजमध्ये चालते. ती आपण नको करूया. पीव्हीसी जळालं तर त्यातून आम्लाचा धूर निघतो, आणि आपल्या कुतूहलापायी फुप्फुसांना शिक्षा देण्याचं कारण नाही.

या वाटीशी थोडं थांबा. तुकडा खाली जाताना किंवा वर येताना पाहा. किती माणसांना आपण जात न विचारता औषध देतो, याचा विचार करा. जात म्हणजे इथे एवढंच की समोरचा कशाचा बनलेला आहे, त्याला काय विरघळवतं आणि कशाचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही. रागावून एकाला शहाणपण येतं आणि दुसरा त्याच रागानं तडकतो. पहिल्या प्रयत्नात कळलं नाही तर दुसरी साक्ष काढायची, एवढा धीर माणसांच्या बाबतीत आपण धरतो का?

धुणं

आता धुवा. आधी साबणाच्या पाण्यानं आणि जुन्या टूथब्रशनं, कोपऱ्यांत शिरून. मग स्वच्छ पाण्यानं. वाळल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलनं भिजवलेल्या फडक्यानं पुसा, आणि तुकडा ओला असतानाच दुसऱ्या कोरड्या फडक्यानं टिपून घ्या. नाहीतर मळ इथून तिथे सरकतो, जात नाही. साच्यातून सुटावं म्हणून कारखान्यात लावलेलं मेण, वर्षानुवर्षं मारलेली चकाकीची फवारणी, हाताचं तेल, रस्त्यावरच्या डिझेलचा धूर, हे सगळं तिथे बसलेलं असतं. चकाकीच्या फवारणीत सिलिकॉन असतं. त्याचा अंशही राहिला तरी ओला रंग तिथून मागे सरतो आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात.

धुतलेलं खरंच धुतलं गेलं का हे पाहायची एक साधी परीक्षा आहे. तुकडा तिरपा धरून त्यावर पाणी ओता. पाणी अखंड पडद्यासारखं पसरून राहिलं तर पृष्ठभाग स्वच्छ. ते फाटलं, थेंबाथेंबांत गोळा झालं, तर तिथे अजून काहीतरी आहे. पीपीची गोष्ट वेगळी. ते कितीही स्वच्छ केलं तरी पाण्याला जवळ करत नाही, तो त्याचा पिंडच आहे. त्याच्यासाठी रंगाआधी खास प्लॅस्टिक प्रायमर लागतो. इतरांसाठी मात्र पाण्याचा हा पडदा बऱ्याच अंशी खरं बोलतो.

सोलापूरला हे नव्यानं सांगायला नको. १८७७ साली जुनी मिल उभी राहिली तेव्हापासून हे गाव सुतावर जगलं. चादरीचं सूत रंगात घालण्याआधी उकळून त्यातलं नैसर्गिक मेण काढावं लागतं, नाहीतर रंग वरवर बसतो आणि पहिल्याच धुण्यात उतरतो. पद्मशाली विणकरांच्या घरात वाढलेल्या मुलाला हे रंगाची नावं पाठ होण्याआधी कळलेलं असतं. रंग धरण्याची तयारी रंग यायच्या आधी होते, आणि ती तयारी विकत घेणाऱ्याला कधीच दिसत नाही.

पाण्याचा पडदा फाटतो का, हे पुन्हा एकदा बघा. फाटला तर पुन्हा धुवा.

भेग

तडा गेलेल्या जागेवर या. तुकडा अगदी हलक्या हातानं वाकवा म्हणजे भेग उघडेल आणि ती कुठे संपते ते दिसेल. डोळ्याला दिसते त्याच्या थोडी पुढेच ती पोचलेली असते.

इंग्लंडमधल्या चार्ल्स इंग्लिस या अभियंत्यानं १९१३ साली गणितानं दाखवून दिलं की पत्र्यातल्या फटीच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि टोक जितकं अणकुचीदार तितका तो जास्त. म्हणून भेग स्वतःहून थांबत नाही. ती थांबवण्याचा उपाय ऐकायला उलटा वाटतो: भेगेच्या टोकाला आणखी एक भोक पाडायचं, अडीच-तीन मिलिमीटरचं, गोल. गोलाईला टोक नसतं. आलेला ताण तिथे सगळीकडे वाटला जातो आणि भेगेला पुढे सरकायला जागा राहत नाही.

ड्रिल सावकाश फिरवा. भोक पडलं की कड गुळगुळीत करा. घरातल्या एखाद्या जुन्या भांडणाला असं एखादं गोल भोक पाडता येईल का, हा विचार मनात आला तर येऊ द्या. टोकदार शेवटचा शब्द बोलायचा मोह आवरणं, बहुतेक वेळा एवढंच ते असतं.

आता जोड. एबीएस असेल तर त्याच जातीच्या भंगाराचे बारीक कपटे करा, काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये टाका, झाकण घट्ट लावा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी ते पळीवाढं झालेलं असेल. भेगेच्या मागून काचेच्या धाग्यांची जाळी ठेवून हे मिश्रण भरा. पुढच्या बाजूला भेगेवर उतरती खाच करून तिथेही भरा, पण एकदम नको. ॲसिटोन उडून जाईल तसं ते आकसतं. पातळ थर द्यायचा, वाळू द्यायचा, मग पुढचा. ॲसिटोन दोन्ही कडांना थोडं विरघळवतो आणि मधली भर त्यांच्यात मिसळून जाते. शेवटी ॲसिटोन निघून जातो. उरतं ते फक्त एबीएस. जोडायला आणलेली परकी वस्तू तिथे थांबतच नाही.

पीपी असेल तर यातलं काही चालत नाही. इटलीच्या ज्युलिओ नाट्टा यांनी १९५४ साली प्रयोगशाळेत ते घडवलं. जगभर बादल्या, बंपर, डबे त्याचे झाले ते त्याच्या अलिप्त स्वभावामुळेच. आम्ल, तेल, तिखट, कशालाही ते दाद देत नाही, मग डिंकाला कसं देईल? त्याला उष्णताच लागते. गॅरेजमधला कारागीर सोल्डरिंग आयर्न घेऊन भेगेच्या दोन्ही कडा वितळवतो, त्यात पीपीचीच कांडी भरतो, मागून तारेची जाळी दाबून बसवतो. दारं-खिडक्या उघड्या ठेवून हे करा.

आणि भेग मुळात का पडली हेही विचारा. ती बहुधा स्क्रूच्या भोकातून निघालेली असते. एक मीटर लांबीची एबीएसची पट्टी तापमान चाळीस अंशांनी वाढलं की तीन मिलिमीटरच्या आसपास लांबते; तिच्या खालचा ॲल्युमिनियमचा पत्रा एक मिलिमीटरही लांबत नाही. सोलापूरच्या छतावर पहाट आणि दुपार यांच्यात एवढा फरक सहज पडतो. स्क्रू करकचून आवळलेला असेल तर पट्टी जाणार कुठे? ती रोज थोडी ओढली जाते आणि एक दिवस हार मानते. म्हणून बसवताना भोक स्क्रूपेक्षा थोडं मोठं ठेवायचं, खाली रबरी वॉशर घालायचा, आणि स्क्रू हाताला लागला की थांबायचं. घट्ट बसवलं म्हणजे पक्कं बसवलं, असं आपण समजतो. उन्हाळ्यात उघडं राहणाऱ्या वस्तूला हलायला जागा ठेवली तरच ती जागेवर टिकते.

घासणं

भर सुकली. आता २२० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून घ्या. लाकडी ठोकळ्याला गुंडाळा म्हणजे बोटांचे खड्डे पडणार नाहीत. ओलं घासल्यानं धूळ उडत नाही. फायबर घासताना तर हे विसरूच नका आणि तोंडाला चांगला मास्क बांधा, काचेचे कण अंगावर आणि छातीत जायला नकोत.

घासायला लागा. सुरुवातीला जे पाणी वाहतं ते पिवळट असतं. हात एका लयीत चालू द्या. थोड्या वेळानं पाण्याचा रंग बदलतो. ठोकळा उचला, पाणी ओता, बघा. पिवळ्याच्या खालून मूळचा पांढरा वर आला आहे. स्क्रूच्या डोक्याखाली जो रंग लपला होता, तोच.

इथे थांबा. या मननाचा मध्य इथे आहे.

हा पांढरा इतकी वर्षं टिकला कारण त्याच्यावर कुणीतरी होतं. ते कुणी बाहेरून आणलेलं नव्हतं. ते त्याचंच अंग होतं, फक्त ते बाहेरच्या बाजूला होतं. बाहेर असणं एवढंच त्याचं नशीब. आता मनात आपल्या घराकडे बघा. तुमच्या घरात बाहेरचा थर कोण होतं? सावकाराशी कोण बोलायचं? दवाखान्यातले कागद कोण पुढे होऊन घ्यायचं? नातेवाइकांचे टोमणे कुणापर्यंत येऊन थांबायचे आणि तुमच्यापर्यंत पोचायचे नाहीत? सोलापुरात विड्या वळून घर चालवलेल्या किती बाया आहेत. तंबाखूचा खकाणा त्यांच्या छातीत गेला, पैसे मुलांच्या वह्यांत गेले. त्या माणसाचा स्वभाव पुढे कडक झाला असेल. बोलणं ठिसूळ, लगेच तुटणारं झालं असेल. तो कडकपणा मुळात होता, की उन्हानं आला?

मनात त्या माणसाचं नाव घ्या. बाकी काही म्हणायची गरज नाही.

पण काम इथे संपत नाही, आणि हा विचार नुसता गोड करून ठेवण्यातही अर्थ नाही. पिवळ्या थरानं कितीही सोसलं असलं, तरी तो काढावाच लागतो. त्याच्यावर रंग दिला तर रंग त्याला धरतो, पण तो स्वतःच खालच्याला नीट धरून नसतो; वर्षभरात पोपडे निघतात. ज्यानं झेललं त्याला एका टप्प्यावर त्या जागेवरून उतरू द्यावं लागतं. घरातल्या थकलेल्या माणसाकडूनच आपण पुढच्या उन्हाचीही अपेक्षा धरतो तेव्हा त्यालाही तोडतो आणि घरालाही. कृतज्ञता म्हणजे त्याच्याकडून ते काम काढून घेणं.

४०० नंबरच्या कागदानं शेवटचा हात फिरवा. पृष्ठभाग आता चकाकणार नाही, सगळीकडे सारखा मंद दिसेल. कुठे एखादा चकाकता ठिपका राहिला असेल तर तिथे कागद पोचलेला नाही.

रंग

रंगाला ऋतू लागतो. मेच्या दुपारी स्प्रे गनमधून निघालेला थेंब तुकड्यावर टेकायच्या आत थिनर उडून जातं आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. पावसाळ्यात हवेतला ओलावा पकडून रंगावर पांढरी झाक येते. सोलापुरात दिवाळीनंतरपासून माघापर्यंतच्या सकाळी चांगल्या. दव वाळलेलं असतं आणि वारा सुटायला अवकाश असतो. जमिनीवर पाणी शिंपडून घ्या म्हणजे धूळ बसेल. हार्डनर मिसळून मारायचा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, रंग असेल तर साध्या कापडी मास्कवर भागत नाही; त्याची वाफ फुप्फुसांना कायमची इजा करू शकते. ते काम नीट साधनं असलेल्या पेंटरकडे सोपवा आणि आपण डब्यातला साधा स्प्रे घ्या, तोही मोकळ्या हवेत.

आधी प्लॅस्टिकचा प्रायमर. तो वाळला की ६०० नंबरनं हलकं घासणं. मग रंगाचा पहिला हात, इतका पातळ की खालचं अजून दिसत राहावं. इथेच बहुतेकांचा धीर सुटतो. पहिल्याच हातात सगळं झाकून टाकावंसं वाटतं, आणि मग ओघळ येतात. असं उतावळं गिऱ्हाईक शेजारी उभं राहिलं की आपल्याकडचा पेंटर हात न थांबवता म्हणतो, “काय बघलालाव मालक, रंग मी मारतो, पण धरायचं काम त्या तुकड्याचं असतंय. त्याला धरू द्या की जरा.” दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. मग दुसरा हात. मग तिसरा. वीतभर अंतर राखून, एका कडेच्या बाहेरून सुरू करून दुसऱ्या कडेच्या बाहेर संपवत.

रंग लपवायला असतो, अशी आपली समजूत आहे. या तुकड्यावरचा रंग वेगळं काम करतो. पांढऱ्या रंगातलं टायटॅनियम डायऑक्साइड अतिनील किरणं अडवतं आणि उष्णताही परतवतं. काळ्या रंगातला कार्बन ती किरणं स्वतः पिऊन टाकतो. गच्चीवरच्या काळ्या टाक्या वर्षानुवर्षं तिथे उभ्या असतात त्या याच कार्बनच्या जिवावर. वरून मारायच्या पारदर्शक क्लिअरमध्येही ऊन शोषणारे पदार्थ घातलेले असतात आणि हळूहळू ते खर्च होतात. उद्या सकाळपासून ऊन प्लॅस्टिकवर पडणार नाही, रंगावर पडेल. आपण झेलणारा बदलला, एवढंच केलं.

म्हणूनच रंग निवडताना तो किती कडक आहे यापेक्षा तो खालच्याबरोबर वाकतो का हे पाहायचं. लवचीक भागावर कडक रंग दिला तर भाग वाकतो, रंग वाकत नाही, आणि केसासारख्या रेघा पडतात. अशा भागांसाठी रंगात लवचीकपणा आणणारं द्रव्य मिसळतात. दुसऱ्याचं रक्षण करायला निघालेल्या माणसालाही हे लागू आहे. ज्याला झाकलं त्याच्याबरोबर हलता आलं पाहिजे.

संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरते तेव्हा होम मैदानावर जा आणि पाळण्याच्या डब्याची कड जवळून बघा, जिथे माणसं चढताना हात धरतात ती. वरचा रंग तिथे झिजतो आणि आधीचे थर उघडे पडतात: निळ्याखाली लाल, लालखाली पिवळा, त्याखाली राखाडी प्रायमर. एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेला ट्रकवरून जाणारी ती आपली फिरती घरं. प्रत्येक थरानं काही वर्षं ऊन आणि हात सोसले, मग त्याच्यावर दुसरा आला. कुणीही कायमचा असल्याचा आव आणलेला नाही.

वाळणं

हाताला कोरडं लागलं म्हणजे वाळलं असं नव्हे. वरची साय आधी कडक होते, आतला थिनर सावकाश बाहेर पडत राहतो. नख दाबलं तर ठसा उमटतो. चांगला आठवडा तरी तुकड्याला धक्का लावू नका, स्क्रू पिळू नका, धुऊ नका. या दिवसांत करण्यासारखं काही नसतं, आणि दुरुस्तीतला हा भाग आपल्याला सगळ्यात जड जातो. येता-जाता बघायचं, बोट लावायचं नाही.

या दिवसांत एक प्रश्न सोबत ठेवा. आजवर कुणीतरी तुमच्यावरचं ऊन झेललं. आता तुम्ही कुणाच्या वर आहात? मुलाच्या, म्हाताऱ्या आईच्या, हाताखालच्या नव्या पोराच्या? ते ऊन तुम्ही त्याच्यापर्यंत जसंच्या तसं पोचू देता, की थोडं अडवता? आणि अडवता अडवता तुम्ही स्वतः कडक व्हायला लागलात, तर तुमच्यावर नवा हात फिरवण्याची वेळ झाली हे कोण ओळखेल? हे कुणाला तरी आधीच सांगून ठेवलेलं बरं.

आठवडा झाला की तुकडा शेवटचा उलटा करा. आतल्या बाजूला, जिथे ऊन लागणार नाही तिथे, टिकाऊ शाईच्या पेननं चार गोष्टी लिहा: प्लॅस्टिकची जात, भेग कशानं भरली, कुठला प्रायमर आणि कुठला रंग वापरला, आणि तारीख. रंग काही वर्षांनी फिका पडेल, पडायलाच हवा, त्यासाठीच तो दिला आहे. तेव्हा हा भाग उघडणारा माणूस तुम्हीच असाल असं नाही. तो जो कुणी असेल, त्याला वाटीभर पाण्यात तुकडा बुडवून पुन्हा पहिल्यापासून विचारत बसावं लागणार नाही. तो वाचेल आणि सरळ धुवायला घेईल.